सर्व्हर मधूनच सापडत नाही: ‘उत्तर नाही’ आणि ‘नाही असं उत्तर’

प्रश्न नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसमधून आलाय. नऊ कॉम्प्युटर आणि एक विंडोज सर्व्हर. त्या सर्व्हरवर टॅलीचा डेटा आणि सगळ्यांची शेअर केलेली फोल्डरं. अकाउंट्सच्या टेबलावरच्या एकाच कॉम्प्युटरला दिवसातून तीन-चारदा ‘टॅलीसर्व्हर’ सापडत नाही, पण त्याच वेळी इंटरनेट व्यवस्थित चालू असतं. कधी नेमकं उलटं होतं: टॅली चालू, पण जीएसटीचं पोर्टल उघडत नाही आणि रिफ्रेश मारला की उघडतं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आपोआप ठीक होतं. केबल बदलून झाली, अँटिव्हायरस काढून झाला, डीएनएस (कॉम्प्युटरच्या किंवा साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता सांगणारी व्यवस्था) फ्लश करून, म्हणजे तिची कॉम्प्युटरवरची साठवण (कॅश) पुसून झाली, विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं. सेटिंगमध्ये डीएनएसचा पहिला पत्ता सर्व्हरचा, म्हणजे १९२.१६८.१.१०, आणि दुसरा ८.८.८.८ आहे. बाकी आठ जणांची तक्रार नाही. दोष कुठे शोधायचा?

तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू नका, एवढं आधी सांगतो. दोन वेळा फॉरमॅट करूनही दुखणं परत आलं, कारण नवं विंडोज टाकल्यावर कुणीतरी डायरीत बघून तेच दोन पत्ते पुन्हा भरले. माझ्या मते रोग त्या दुसऱ्या पत्त्यात आहे. निदान अर्धा तरी. उरलेला अर्धा सर्व्हरवर आहे. तुमच्या वर्णनात दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत, म्हणून इतके दिवस कुणाला थांग लागला नाही.

पहिलं दुखणं आधी घेऊ. आत सर्व्हर सापडत नाही, बाहेर इंटरनेट चालू.

‘दुसरा डीएनएस म्हणजे स्टेपनी, पहिला बंद पडला तर चालेल’ अशी जवळजवळ सगळ्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. विंडोज पहिल्याला विचारतं, साधारण एक सेकंद वाट बघतं, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्याकडे जातं. इथपर्यंत स्टेपनीसारखंच. पण पुढचा जे सांगेल ते विंडोज प्रमाण मानतं. आता गुगलच्या ८.८.८.८ ला सगळ्या जगाच्या वेबसाइट माहीत आहेत, तुमच्या सातपूरच्या ऑफिसातला टॅलीसर्व्हर कसा माहीत असणार? तो प्रामाणिकपणे सांगतो, असं नाव अस्तित्वातच नाही. आणि ‘असं नाव नाही’ हे डीएनएसच्या हिशेबात पूर्ण, वैध उत्तर आहे. बिघाड नव्हे. त्यामुळे विंडोज परत पहिल्याकडे जाऊन ‘अहो, खरंच नाही का?’ असं विचारत नाही.

रविवार कारंजावर उतरून एखाद्या जुन्या वाड्याचा पत्ता विचारल्यासारखं आहे हे. पानाच्या टपरीवरच्या काकांना ठाऊक असतं, पण त्यांच्या तोंडात पान आहे, म्हणून ते जरा थांबायची खूण करतात. तुम्हाला घाई. तुम्ही शेजारी उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला विचारता. त्याला मुंबई-आग्रा रस्त्यावरचा धाबा न् धाबा पाठ आहे, आणि तो छातीठोकपणे सांगतो, ‘असा वाडा इकडे नाहीच.’ तुम्ही माघारी फिरता.

म्हणजे ‘नाव सापडत नाही’ या एकाच तक्रारीखाली दोन गोष्टी लपतात. एकतर कुणी उत्तरच दिलं नाही. किंवा उत्तर आलं, आणि ते ‘नाही’ असं आलं. पहिलं असेल तर रस्ता तपासायचा: केबल, स्विच, राउटर, सर्व्हरवरचा भार. दुसरं असेल तर रस्ता ठणठणीत आहे, तुम्ही चुकीच्या माणसाला विचारलंय. बावीस वर्षं हे काम करतोय, आणि ऑफिसांमध्ये सर्वांत जास्त वेळ वाया गेलेला बघितलाय तो दुसऱ्या प्रकारच्या दोषासाठी केबली बदलण्यात.

शिवाय विंडोज हे ‘नाही’ सुद्धा काही काळ लक्षात ठेवतं. सापडलेले पत्ते जसे कॅशमध्ये राहतात, तसाच नकारही राहतो. त्याची रीतसर व्यवस्था १९९८ पासून डीएनएसच्या नियमांत आहे, ती काही विंडोजची खोड नव्हे. आणि एकदा दुसऱ्या सर्व्हरने पटकन उत्तर दिलं की पुढचे काही प्रश्नही विंडोज त्यालाच विचारत राहू शकतं. काही मिनिटांनी क्रम पूर्ववत होतो, नकार विसरला जातो, टॅली उघडतं, आणि सगळे म्हणतात ‘आपोआप ठीक झालं’.

हे सगळं तुम्हाला पुराव्यानिशी बघता येईल. पुढच्या वेळी टॅलीसर्व्हर सापडेनासा झाला की पहिली गोष्ट म्हणजे फ्लश करू नका. फ्लश केलं की पुरावाच पुसला जातो. चोरी झाल्यावर पोलिस यायच्या आत घर झाडून काढण्यातला प्रकार. त्याऐवजी कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी हे द्या:

आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस

कॅशमध्ये काय काय साठलंय त्याची लांबलचक यादी येईल. तीत टॅलीसर्व्हरचं नाव शोधा. त्याच्याखाली पत्त्याऐवजी ‘नेम डझ नॉट एक्झिस्ट’ असं दिसलं, तर माझा अंदाज बरोबर: कुणीतरी ‘नाही’ म्हणालंय आणि विंडोजने ते लिहून ठेवलंय. मग लगेच दोघांना वेगवेगळं विचारा. खाली मी नुसतं टॅलीसर्व्हर लिहिलंय. तुम्ही पुढे तुमच्या डोमेनचं, म्हणजे सर्व्हरने ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरांना दिलेलं सामाईक नाव जोडून पूर्ण नाव द्या आणि शेवटी एक टिंब द्या. टिंब दिलं नाही तर विंडोज स्वतःच्या मनाने मागे आणखी शेपूट जोडून बघतं आणि उत्तर वाचताना गोंधळ होतो.

एनएसलुकअप टॅलीसर्व्हर १९२.१६८.१.१०
एनएसलुकअप टॅलीसर्व्हर ८.८.८.८

दुसऱ्याकडून ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ येणार, ते केव्हाही विचारलं तरी येणार. महत्त्वाचं आहे पहिलं. तिथे त्या क्षणी ‘डीएनएस रिक्वेस्ट टाइम्ड आउट, टाइमआउट वॉज २ सेकंड्स’ असं दिसलं तर सर्व्हर उशीर करतोय. झटकन बरोबर पत्ता आला तर उशीर होऊन गेलाय आणि फक्त त्याचं सावट कॅशमध्ये उरलंय.

इथे एक गोष्ट माहीत नसली की माणूस हमखास चकतो. एनएसलुकअप थेट सर्व्हरला विचारतं. ते विंडोजची कॅश बघत नाही, होस्ट्स फाइलही (कॉम्प्युटरवरच नावं आणि पत्ते लिहून ठेवायची यादी) बघत नाही. पिंग (समोरचा कॉम्प्युटर हाकेला ओ देतो का ते बघणारी कमांड) मात्र विंडोजच्या नेहमीच्या वाटेने जातं, टॅली आणि ब्राउझर जातात तसंच. त्यामुळे एनएसलुकअपला नाव सापडतं आणि पिंगला सापडत नाही असं दिसलं, तर चक्रावू नका. दोष त्या कॉम्प्युटरच्या आठवणीत आहे. आणि उलट दिसलं, म्हणजे पिंगला सापडतं पण एनएसलुकअपला नाही, तर पिंगला ते नाव कॅशमधून, होस्ट्स फाइलमधून किंवा शेजारच्या कॉम्प्युटरांना हाक मारून मिळालंय. विंडोज नेटवर्कवर अशी हाक मारतं, आणि डोमेन नसलेल्या छोट्या ऑफिसांत सगळा कारभार त्या हाकेवरच चालतो.

आता, एकाच कॉम्प्युटरला का? शेजारच्या टेबलावर जा आणि तिथे आयपीकॉन्फिग /ऑल द्या. बहुतेक तिथे डीएनएसच्या जागी फक्त १९२.१६८.१.१० दिसेल, कारण बाकीच्यांना पत्ते डीएचसीपीने आपोआप मिळतात आणि अकाउंट्सच्या कॉम्प्युटरला कधीतरी कुणीतरी हाताने भरलेत. बहुतेक इंटरनेट बंद पडलं होतं त्या दिवशी. घाईत ८.८.८.८ भरलं, नेट चालू झालं, शाबासकी मिळाली, आणि ते तसंच राहिलं. सर्व्हरला जेव्हा जेव्हा उशीर होतो तेव्हा बाकीचे आठही थांबतात, पण त्यांच्याकडे विचारायला दुसरं कुणी नसल्याने ते पहिल्याच्याच उत्तराची वाट बघतात आणि दोन-तीन सेकंदांनी त्यांचं काम होतं. तेवढ्यावर कुणी तक्रार करत नाही.

सर्व्हरला उशीर का होतो तेही बघा. तुम्ही वेळा लिहून ठेवल्या नाहीत. त्या लिहायला हव्या होत्या. अंबडच्या एका ग्राइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये हेच दुखणं होतं. मी तिथल्या मुलीला कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळा लिहायला सांगितलं. चार दिवसांनी गेलो तर तिने सुबक अक्षरात लिहिलं होतं: ११.३४, ४.०६, ११.३२, ४.०४, ११.३३. रोज साडेअकरा आणि चारच्या पुढे. सर्व्हर म्हणजे एक साधा डेस्कटॉपच होता, आणि साडेअकरा व चार वाजता त्यावर टॅलीच्या डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जात होता. तेवढी चार-पाच मिनिटं त्याला इकडे तिकडे बघायला सवड नसायची. बॅकअपची वेळ जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री नेली. दुसरा डीएनएस काढला. त्यानंतर त्या कारणासाठी मला फोन आला नाही.

उपाय अगदी छोटा आहे. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर नेटवर्क कार्डच्या आयपीव्ही४च्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या डीएनएसची जागा रिकामी करा, किंवा सरळ ‘आपोआप मिळवा’ ठेवा. मग एकदा फ्लश करा. आता करायला हरकत नाही. सर्व्हरच्या स्वतःच्या कार्डवरही ८.८.८.८ असेल तर तेही काढा, त्याने स्वतःलाच विचारलं पाहिजे.

यावर मालक लोक हमखास विचारतात, ‘आणि सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांचं इंटरनेट बंद?’ हो, पडेल. डोमेनवर चालणाऱ्या ऑफिसात सर्व्हर बंद असताना तसंही कुणाचं धड काम होत नाही, पण बिल भरायला नेट तरी हवं हे मान्य. खरा इलाज म्हणजे आतलीच नावं माहीत असलेला दुसरा डीएनएस सर्व्हर, म्हणजे दुसरा डोमेन कंट्रोलर (डोमेनमधली नावं आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर). नऊ कॉम्प्युटरसाठी तो खर्च मला जास्त वाटतो. त्यापेक्षा सर्व्हर आणि स्विच दोन्ही चांगल्या यूपीएसवर घ्या आणि त्याची बॅटरी वेळेवर बदला. नुसता सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या प्लगवर, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता हसूही येत नाही.

आता दुसरं दुखणं: आत टॅली चालू, बाहेर पोर्टल उघडत नाही, रिफ्रेश मारला की उघडतं.

‘दुसऱ्यांदा उघडतं’ हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. त्यावरून मला सर्व्हरवरच्या फॉरवर्डरचा संशय येतो. तुमच्या सर्व्हरला आतली नावं माहीत आहेत. बाहेरची माहीत नसतात, म्हणून तो ती पुढे कुणालातरी विचारतो. तो कुणीतरी म्हणजे फॉरवर्डर. गेल्या काही वर्षांत तुम्ही इंटरनेट कंपनी बदलली का? बदलली असेल तर जुन्या कंपनीचे डीएनएस पत्ते त्या यादीत अजून पहिल्या क्रमांकावर बसले असतील. बऱ्याच कंपन्यांचे डीएनएस फक्त स्वतःच्या ग्राहकांनाच उत्तरं देतात. तुम्ही आता त्यांचे ग्राहक नाही. तुमचा सर्व्हर आधी त्यांना विचारतो, काही सेकंद ताटकळतो, मग यादीतल्या पुढच्याला विचारतो. तोवर अकाउंट्सच्या ब्राउझरने हार मानलेली असते. दरम्यान सर्व्हरला उत्तर मिळतं आणि त्याच्या कॅशमध्ये बसतं. तुम्ही रिफ्रेश मारता तेव्हा ते तयारच असतं, म्हणून झटकन उघडतं. तुम्हाला वाटतं, रिफ्रेशमध्ये जादू आहे.

हे सगळ्यांनाच व्हायला हवं, मग बाकीच्यांना का जाणवत नाही? पोर्टल, बँक, ई-वे बिल, ट्रेसेस, पीएफ, हे दिवसभर उघडणारं टेबल अकाउंट्सचंच. प्रत्येक नावाच्या उत्तराला मुदत असते, कुणाची पाच मिनिटं तर कुणाची तासभर. ती संपली की सर्व्हरला पुन्हा बाहेर विचारावं लागतं. स्टोअर्सचा माणूस दिवसभर दोनच साइट बघतो. जो जास्त नावं विचारतो त्यालाच ठेच लागते. ‘फक्त याच कॉम्प्युटरला होतं’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, हा माणूस बाकीच्यांपेक्षा वेगळं काय करतो?

सर्व्हरवर डीएनएस मॅनेजर उघडा, सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फॉरवर्डर्सचा टॅब. तिथला प्रत्येक पत्ता घेऊन सर्व्हरवरूनच एनएसलुकअपने एखादी नेहमीची साइट विचारा. जो टाइम आउट देतो तो काढा. इथे मात्र ८.८.८.८ आणि १.१.१.१ खुशाल घाला, त्यांची हीच जागा आहे. फॉरवर्डर म्हणून नुसता राउटरचा पत्ता असेल तर तोही बदला. नेट कंपनीने फुकट दिलेले राउटर डीएनएस पुढे ढकलायचं काम करतात खरं, पण गर्दी झाली की त्यांची दमछाक होते.

एक पुस्ती: २० तारखेच्या संध्याकाळी पोर्टल उघडलं नाही तर त्याचा दोष डीएनएसला देऊ नका. जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायला सगळा देश तिथे उभा असतो. नाव सापडून पान येत नसेल तर ब्राउझर वेळ संपल्याची तक्रार करतो. नावच सापडलं नाही तर एररच्या पानावर खाली बारीक अक्षरांत ‘डीएनएस’ हा शब्द असतो. तो शब्द बघायची सवय लावा. क्रोममध्ये त्यापुढे ‘एनएक्सडोमेन’ लिहिलेलं असेल तर तुम्हाला ‘नाही’ असं उत्तर मिळालंय.

क्रोमचं नाव निघालं म्हणून आणखी एक. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ असतं. त्यात कुणी बाहेरचा पुरवठादार निवडून ठेवला असेल तर ब्राउझर तुमच्या सर्व्हरला न विचारता परस्पर बाहेर विचारतो. ऑफिसच्या आतलं एखादं पान ब्राउझरमध्ये उघडत नाही पण पिंगला सापडतं, असं झालं तर आधी तिथे बघा.

वरचं सगळं करूनही त्रास राहिला तर मग उरलेले संशयित. सर्वांत आधी आयपीकॉन्फिग /ऑलमध्ये डीएनएसच्या यादीत वरती एफ-ई-८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो का बघा. आताच्या फायबर कनेक्शनवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांब पद्धत) सर्रास चालू असतं, आणि राउटर परस्पर स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करतो. विंडोज आयपीव्ही६च्या डीएनएसला आधी विचारतं, आणि राउटरला टॅलीसर्व्हर माहीत नसतो. म्हणजे ८.८.८.८ दाराने घालवला आणि त्याचा भाऊ खिडकीतून आला. राउटरमध्ये जाऊन आयपीव्ही६ची ही डीएनएस-जाहिरात बंद करा. कॉम्प्युटरवर आयपीव्ही६च बंद करून टाकायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो आवडत नाही, विंडोजचे काही भाग ते चालू असल्याचं गृहीत धरतात.

केबलबरोबर वायफायही चालू आहे का? कुणाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट? दोन वाटा असल्या की दोन डीएनएस आले. डेस्कटॉपवर वायफाय बंद ठेवा. एकच आयपी दोघांना गेलाय का? प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या वाटपात सापडणं हे नेहमीचंच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमच्या नोंदींत ४१९९ क्रमांकाची नोंद असेल तर पत्त्यांची टक्कर झाली. तिथेच १०१४ क्रमांकाच्या नोंदी शोधा. त्या विंडोजच्या डीएनएस क्लायंटच्या आहेत आणि त्यांचा अर्थ ‘कुणीच उत्तर दिलं नाही’. त्यात वेळही असते आणि विचारलेलं नावही असतं. तुमच्याकडे १०१४ फार कमी निघतील असा माझा अंदाज आहे, कारण तुमच्याकडे कुणी ना कुणी उत्तर देतंच आहे.

होस्ट्स फाइलमध्ये टॅलीसर्व्हरची ओळ टाकून मोकळं व्हा, असा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडायच्या आधी सगळं नेटवर्क अशाच एका फाइलवर चालायचं. ती मोठी होत गेली आणि सांभाळवेना, म्हणून तर डीएनएस आलं. तपासणीपुरती ती ओळ घाला, चालेल: तिने त्रास थांबला तर दोष नावातच होता हे सिद्ध होतं. पण मग काढा. मी एकदा घातली आणि विसरलो. दोन वर्षांनी सर्व्हर बदलला, त्याचा पत्ता बदलला, आणि एका टेबलाला तो काही केल्या सापडेना. अर्धा दिवस मी दुसऱ्यांच्या चुका शोधत बसलो होतो.

सोमवारपासून आठवडाभर एक छोटी बॅच फाइल (लिहून ठेवलेल्या कमांड एकामागून एक चालवणारी फाइल) चालू ठेवा. दर वीस सेकंदांनी ती चार गोष्टी एका फाइलमध्ये लिहील: वेळ, १९२.१६८.१.१० ला नंबराने पिंग, टॅलीसर्व्हरचा एनएसलुकअप, आणि बाहेरच्या एखाद्या साइटचा एनएसलुकअप. कुणी तक्रार केली की त्या मिनिटाच्या ओळी काढा. नंबराने पिंग जातंय आणि टॅलीसर्व्हर अडलाय, तर सर्व्हरची डीएनएस सेवा बघा. दोन्ही ठीक आणि फक्त बाहेरचं अडलंय, तर फॉरवर्डर. आणि नंबराचं पिंगही पडलंय, तर नावाचा काही संबंध नाही. त्या वेळी टेबलाखाली वाका. स्विचचा ॲडॉप्टर एक्स्टेन्शन बोर्डात सैल लोंबकळत असेल, आणि कुणाचा तरी पाय लागला की स्विच चालू-बंद होत असेल.